मुलगा म्हणतो रोबोट, माझा विश्वास डॉक्टरांवर

प्रश्न: माझं वय ६७. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त. पाय थोडे बाकदार झालेत. रात्री दुखण्याने जाग येते आणि थोडंसं चाललं तरी बसावं लागतं. दोन डॉक्टरांना दाखवलं, दोघेही म्हणाले की आता गुडघा बदलायला हवा. पहिले आमचे जुने डॉक्टर. ह्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं ते त्यांनीच छान जोडलं. त्यांच्याकडे रोबोट नाही. दुसरे डॉक्टर मुलाने शोधले, ते रोबोटने करतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. मुलगा म्हणतो, "आई, माणसाचा हात चुकू शकतो, मशीन चुकत नाही. पैशाचा विचार तू करू नकोस." माझी एक मैत्रीण रोबोटने ऑपरेशन करून दुसऱ्याच दिवशी चालायला लागली. मला मात्र जुन्या डॉक्टरांकडे धीर वाटतो. मुलाचं मन मोडायचं नाही आणि आयुष्यभराचा गुडघाही बिघडवायचा नाही. दोन्ही गुडघे एकाच दिवशी करावेत का, हेही सांगा. गेल्या महिन्यात उजव्या गुडघ्यात इंजेक्शन घेतलं होतं, त्याने पंधरा दिवस बरं वाटलं.

उत्तर:

ताई, आधी माझं मत सांगते, कारणं मागाहून. तुमचे जुने डॉक्टर वर्षानुवर्षं नियमित गुडघे बदलत असतील, तर केवळ रोबोट नाही म्हणून त्यांना सोडू नका. पण त्यांच्याकडे हे ऑपरेशन अधूनमधूनच होत असेल आणि मुलाने शोधलेले डॉक्टर हेच काम सातत्याने करत असतील, तर जुन्या ओळखीखातर तिथेच राहू नका. तुमच्या यजमानांचं हाड त्यांनी उत्तम जोडलं, त्याचं मोल आहेच. मात्र मोडलेलं हाड जोडणं आणि झिजलेला सांधा बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात हातखंडा असलेला माणूस दुसरं क्वचितच करत असेल, असंही होऊ शकतं. हे त्यांनाच विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन करत नाही, त्यानंतर गुडघ्याला पुन्हा वाकायला आणि सरळ व्हायला लावते. हाताने बसवलेले गुडघे माझ्याकडे येतात, रोबोटने बसवलेलेही येतात. ऑपरेशनच्या खोलीत काय घडलं याच्या कौतुकापेक्षा सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी तो माणूस जिना कसा चढतो हे मला जास्त दिसतं. पुढे जे लिहितेय ते त्या जागेवरून.

मुलाच्या वाक्यापासून सुरू करू, कारण तुमच्या घरातला सगळा पेच त्यातच आहे. "मशीन चुकत नाही" म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा असं चित्र असेल की डॉक्टर बाजूला उभे आहेत आणि यंत्र ऑपरेशन करतंय. तसं नसतं. गुडघा बदलताना मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक यांवरची झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांवरचं गुळगुळीत आवरण, आणि तिच्याखालच्या हाडाचा काही मिलिमीटरचा थर कापून काढतात. मांडीच्या हाडावर धातूची टोपी बसते, नडगीवर धातूची बैठक आणि दोन्हींच्या मध्ये पॉलिइथिलीन नावाच्या टणक प्लास्टिकची चकती. वाटीचा मागचा पृष्ठभाग काही डॉक्टर बदलतात, काही तसाच ठेवतात. रोबोट असो वा नसो, आत बसणाऱ्या वस्तू याच. फरक पडतो तो मुख्यतः हाड कापण्याच्या टप्प्यात.

नेहमीच्या पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक लांब सळई घालून तिच्या आधाराने कोन ठरवतात, मग हाडावर जिग म्हणजे खाच असलेला धातूचा ठोकळा बसवतात आणि त्या खाचेतून करवत चालवतात. रोबोटच्या पद्धतीत दोन्ही हाडांत पिना रोवून त्यांवर खुणा बसवतात. कॅमेरा त्या खुणांवर नजर ठेवतो आणि पाय कुठे आहे, किती वाकलाय हे कॉम्प्युटरला क्षणोक्षणी कळत राहतं. 'मॅको' नावाच्या रोबोट यंत्रणेत आधी सीटी स्कॅन करून तुमच्या हाडांचा त्रिमित नकाशा तयार करतात. 'कोरी' या दुसऱ्या यंत्रणेत सीटी लागत नाही, ऑपरेशन चालू असतानाच हाडावर सळी फिरवून नकाशा बनतो. मॅकोची करवत डॉक्टरांच्याच हातात असते. ती आखलेल्या हद्दीबाहेर जाऊ लागली की यंत्राचा हात तिला अडवतो. यंत्र स्वतःच हाड कोरतं अशाही यंत्रणा आहेत. त्यांतली सर्वांत जुनी 'रोबोडॉक'. १९९२ मध्ये ती खुब्याच्या ऑपरेशनसाठी माणसावर पहिल्यांदा वापरली गेली. पण तिथेही हाड किती आणि कोणत्या कोनात काढायचं, हे आधी डॉक्टरच ठरवतात.

चीर देणं, स्नायू अलगद बाजूला घेणं, नसा आणि रक्तवाहिन्या जपणं, लिगामेंट म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा ताणलाय की सैल पडलाय हे पाहून निर्णय घेणं, सिमेंट लावून भाग बसवणं, टाके घालणं हे सगळं माणूसच करतो. रोबोट ठरलेली रेषा सोडत नाही, इतकंच त्याचं वचन. रेषा कुठे आखायची ते त्याला सांगावं लागतं.

आणि ती रेषा कुठे असावी यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही. अनेक वर्षं असं शिकवलं गेलं की खुबा, गुडघा आणि घोटा यांची मध्यं एका सरळ रेषेत यायला हवीत, फार तर तीन अंशांचा फरक चालेल. आता बरेच डॉक्टर म्हणतात की ज्याचा पाय तरुणपणापासूनच किंचित बाकदार होता त्याला बळंच ताठ सरळ केलं तर लिगामेंटवर ताण येतो आणि गुडघा परका वाटतो. म्हणून त्या माणसाच्या मूळ ठेवणीच्या जवळ जावं. दोन्ही बाजूंना जाणकार माणसं आहेत. तुमचे पाय बाकदार आहेत, त्यामुळे हा प्रश्न तुमच्यासाठी खरा आहे. "माझा पाय तुम्ही किती सरळ करणार आणि का?" असं दोन्ही डॉक्टरांना विचारा. या उत्तरातून तुम्हाला त्या माणसाची समज कळेल. ती यंत्राच्या माहितीपत्रकात सापडणार नाही.

रोबोटचे फायदे मी नाकारत नाही. कापणी अधिक अचूक होते आणि कोन फार चुकलेले गुडघे कमी होतात, हे बऱ्याच अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय. मांडीच्या हाडात लांब सळई घालावी लागत नाही. हाड कापण्याआधीच गुडघा वाकवून-सरळ करून दोन्ही बाजूंचं अंतर कॉम्प्युटरवर पाहता येतं आणि योजना मिलिमीटर-मिलिमीटरने बदलता येते. माझ्या मते हा त्याचा सर्वांत मोलाचा गुण आहे, कारण एका बाजूला सैल राहिलेला गुडघा पुढे जिना उतरताना दगा देतो, आणि तो व्यायामाने पूर्ण भरून काढता येत नाही. काही अभ्यासांत रोबोटच्या रुग्णांना पहिल्या काही दिवसांत दुखणं कमी होतं आणि ते लवकर घरी गेले असंही आढळलंय.

काही माणसांच्या बाबतीत तर मी स्वतः रोबोटच्या बाजूने उभी राहीन. मांडीचं हाड पूर्वी मोडून वाकडं जुळलेलं असेल, आत सळई किंवा प्लेट असेल, तर नेहमीची सळई घालायला वाटच नसते. पाय फार मोठ्या प्रमाणात वाकडा झाला असेल, किंवा गुडघ्याची फक्त एकच बाजू झिजलेली असून अर्धाच गुडघा बदलायचा असेल, तिथेही अचूकपणाला जास्त किंमत आहे. अर्ध्या गुडघ्यात काम लहान जागेत असतं आणि चुकीला वाव फार कमी. तुमचा बाक "थोडा" आहे असं तुम्ही लिहिलंय. उभं राहून काढलेला खुब्यापासून घोट्यापर्यंतचा पूर्ण पायाचा एक्स-रे पाहूनच तो किती ते ठरेल. असा एक्स-रे झाला नसेल तर करून घ्या, कारण फक्त गुडघ्याच्या फोटोवरून पायाची रेषा कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि इथेच तुमच्या मुलाला थांबवून वाचायला सांगा. कोन अचूक आला म्हणजे गुडघा जास्त चांगला चालतो, जास्त टिकतो, असं गृहीत धरलं जातं. दक्षिण कोरियात एका अनुभवी सर्जनने हे नीट तपासलं. १४०० हून अधिक रुग्ण, त्यांची वाटणी चिठ्ठी टाकावी तशी केलेली: अर्ध्यांना रोबोडॉकने, अर्ध्यांना नेहमीच्या पद्धतीने. सरासरी १३ वर्षं त्यांचा मागोवा घेतला. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. चालणं-फिरणं, दुखणं, इम्प्लांट म्हणजे आत बसवलेला कृत्रिम सांधा सैल होणं, पुन्हा ऑपरेशन लागणं, यांतल्या कशातही दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. रोबोडॉक जुनं यंत्र आहे, आजची यंत्रं त्याहून हुशार आहेत, हे खरं. म्हणून उद्या निष्कर्ष बदलू शकतात. पण आजच्या यंत्रांच्या गुडघ्यांना अजून तेवढी वर्षं झालेलीच नाहीत, त्यामुळे "रोबोटचा गुडघा जास्त टिकतो" असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला आधार विचारा.

दुसरीकडे हाताने बसवलेल्या गुडघ्यांचा इतिहास आपल्यासमोर आहे. अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून २०१९ मध्ये केलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात. ते जवळपास सगळे रोबोटच्या आधीच्या काळातले. तुमचं वय ६७ आहे. नीट बसवलेला, जंतुसंसर्गापासून जपलेला गुडघा तुम्हाला आयुष्यभर पुरण्याची शक्यता मोठी आहे, मग तो कोणत्याही पद्धतीने बसवा.

तरीही गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचातला एक पूर्ण समाधानी नसतो. माझ्यासमोर बसून "एवढं करून काय मिळवलं" म्हणणारी ही माणसं. त्यांचे एक्स-रे बहुतेक वेळा छान असतात. कुणाचं दुखणं मुळात कमरेतून किंवा खुब्यातून येत असतं. कुणी भीतीने व्यायाम टाळलेला असतो आणि गुडघा आखडलेला असतो. कुणाला कुणी सांगितलेलंच नसतं की गुडघे टेकून बसणं पुढेही अवघड जाईल, चिरेच्या बाहेरच्या बाजूला थोडी बधिरता राहील, सूज काही महिने येत-जात राहील. यांतलं काहीही रोबोटने सुटत नाही. म्हणून पैशांबद्दल एक स्पष्ट बोलते: रोबोटसाठी जास्तीचे पैसे देऊन मग फिजिओथेरपीत हात आखडता घ्यावा लागणार असेल, तर तो सौदा करू नका. दोन्ही परवडत असेल तर गोष्ट वेगळी.

तोट्यांकडे थोडक्यात. पिनांची भोकं काही दिवस दुखू शकतात. तिथे जंतुसंसर्ग होणं किंवा त्या जागी हाड मोडणं हे फार क्वचित घडतं, पण घडतं. सीटी स्कॅनचे किरण तुमच्या वयाला काळजी करण्याइतके नाहीत. रोबोट नवीन शिकणाऱ्या डॉक्टरांना सुरुवातीच्या ऑपरेशनांना जास्त वेळ लागतो. बऱ्याच यंत्रणांवर त्याच कंपनीचं इम्प्लांट वापरावं लागतं, म्हणजे यंत्र निवडलं की गुडघाही निवडला गेला. आणि यंत्र मध्येच बंद पडलं तर उरलेलं ऑपरेशन हाताने पुरं करावं लागतं. यासाठीच रोबोटवाल्या डॉक्टरांचा हाताने करण्याचा सरावही पक्का असायला हवा.

मैत्रिणीचं दुसऱ्या दिवशी चालणं मला आनंदाचंच वाटतं, फक्त त्याचं श्रेय एकट्या रोबोटला देऊ नका. आजकाल हाताने बदललेल्या गुडघ्यावरही त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभं करतात. भुलेच्या पद्धती सुधारल्या, नसेजवळ आणि सांध्याभोवती वेदनाशामक इंजेक्शनं देतात, रक्तस्राव कमी करणारी औषधं आली, आणि आम्ही फिजिओ लोक पहिल्या दिवसापासून मागे लागतो. खरी कसोटी त्यानंतर असते. दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत, पाहुणे येऊन गेलेले असतात, सूज असते, रात्री झोप लागत नाही आणि तरीही दिवसातून अनेकदा गुडघा वाकवायचा आणि सरळ करायचा असतो. त्या काळात तुमच्याबरोबर कोण असेल, हे तारीख घेण्याआधी मुलाशी बोलून ठरवा. त्याला आईसाठी काही करायचंय ना? पैशापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल.

त्याचं मन मोडण्याचीही गरज नाही. दोन्ही डॉक्टरांकडे त्याला सोबत न्या आणि प्रश्न त्यालाच विचारू द्या. महिन्याला किती गुडघे बदलता? हे इम्प्लांट किती वर्षं वापरात आहे? तुमच्या रुग्णांत जंतुसंसर्ग किती झाले, पुन्हा ऑपरेशन किती जणांना लागलं? नंतर काही बिघडलं तर मला तुम्हीच पाहाल की दुसरं कोणी? रोबोटवाल्यांना आणखी एक: माझ्याच गुडघ्यात रोबोटने नेमका काय फायदा होईल? "सगळ्यांनाच होतो" हे उत्तर पुरेसं नाही. "तुमच्या एक्स-रेमध्ये हे असं दिसतंय, म्हणून" असं उत्तर आलं तर तो विचार करून बोलतोय, आणि मग मुलाच्या बाजूने माझंही मत झुकेल.

इंजेक्शनची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलीत, पण ती दोन्ही डॉक्टरांना सांगितली आहे का? ते स्टेरॉइडचं असेल, तर त्यानंतर साधारण तीन महिन्यांच्या आत गुडघा बदलल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ऑपरेशन केलेल्या सांध्यात जंतू शिरणं ही या सगळ्यातली सर्वांत वाईट अडचण, त्यासाठी इम्प्लांट काढावंही लागू शकतं. चिठ्ठी शोधा, औषधाचं नाव आणि तारीख दाखवा, आणि घाईने मिळालेली तारीख घेऊ नका. ही मुदत साखर, रक्तदाब, दात आणि लघवीचा काही त्रास असेल तर तो तपासून घ्यायला वापरा. आणि तंबाखू घेत असाल तर ती आजपासून बंद.

दोन्ही गुडघे एकाच दिवशी? तुमच्या जागी मी उजवा आधी करून घेतला असता. एकदाच भूल आणि एकदाच सगळा त्रास, हे ऐकायला बरं वाटतं, आणि दोन्ही सारखेच खराब असलेल्या धडधाकट माणसांना ते जमतंही. पण हृदय आणि फुप्फुसांवर ताण जास्त येतो, आणि टेकायला एकही चांगला पाय उरत नाही. तुमचा डावा अजून काम करतोय. उजवा सुधारला की डाव्यावरचा भार कमी होतो आणि काहींना दुसऱ्याची निकड पुढे ढकलता येते. हृदयाची तपासणी आणि भूलतज्ज्ञांचं मत याबाबत शेवटचं माना. रोबोट असण्या-नसण्याने या उत्तरात फरक पडत नाही.

राहिला व्यायाम. त्याला कोणत्याही डॉक्टरांची निवड होईपर्यंत थांबायचं नाही. मांडीचा पुढचा स्नायू ऑपरेशननंतर सर्वांत आधी झोपी जातो, म्हणून त्याला आताच जागं करून ठेवा. पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याने ती खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, दोन्ही पायांना, दिवसातून तीनदा. मग तीच गुंडाळी टाचेखाली घ्या आणि गुडघा आपल्या वजनाने सरळ होऊ द्या, दोन-तीन मिनिटं. पूर्ण सरळ होणारा गुडघाच नंतर न लंगडता चालतो. मांडी ताणल्यासारखी वाटली तर चालेल, गुडघ्यात तीव्र कळ आली तर थांबा आणि जवळच्या फिजिओला दाखवा. वॉकर धरून खुर्चीतून उठायचं कसं तेही त्यांच्याकडून आत्ताच शिकून घ्या. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, औषधांच्या गुंगीत, ते पहिल्यांदा शिकणं अवघड जातं.